कथलाच्या पत्र्याची पाठ

मी, गॉटहेल्फ झाइलर, वय वर्षे बहात्तर, धंदा संगीत छापण्याचे पत्रे ठोकणे (दहा वर्षांपूर्वी डोळ्यांनी तो सोडायला लावला), राहणार रॉयडनिट्झ, लाइपझिग, हे मृत्युपत्र आज माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हाताने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर पुशमान यांनी सकाळीच त्याची खात्री करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला, सॅक्सनीच्या राजाचे नाव विचारले. मी दोन्ही सांगितले आणि त्यांच्या कोटाचे दुसरे बटण तिसऱ्या काजात गेले आहे हेही सांगितले. त्यांनी बटण नीट केले आणि दाखला लिहून दिला.

१८८१ साली केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात मी एक चांगली वस्तू आमच्या छापखान्याला ठेवली होती. आता छापखान्याला माझ्या घरातला खिळासुद्धा मिळणार नाही.

वाचणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. घरदार वाटायला मला एवढा कागद लागला नसता. हा कागद दोन सुरांसाठी आहे. कै. सेव्हरिन आल्फेल्ड यांचे ‘फाटकापाशी’ हे गाणे सर्वांना ठाऊक आहे. छापील दोन पाने, गायला तीन मिनिटे. त्याच्या शेवटचे दोन सूर प्रोफेसर डॉक्टर युस्टुस ब्रेमकर येत्या नाताळापर्यंत बदलणार आहेत. आल्फेल्डांच्या समग्र संगीताची नवी आवृत्ती त्यांच्या हातात आहे, आणि ती आमचाच छापखाना काढतो आहे. त्यांच्या मते ते सूर म्हणजे एका बेफिकीर कारागिराची चूक. तो कारागीर मी. नाताळापर्यंत मी असेन की नाही, देव जाणे. पण माझ्या मागे कोणी ते सूर गुपचूप फिरवावेत हे मला मुळीच मान्य नाही. ब्रेमकरांना मी पाठवलेली पत्रे कोणी नीट वाचली नाहीत. मृत्युपत्र मात्र वाचावेच लागते.

कलम पहिले: घर

रॉयडनिट्झमधले माझे घर, अंगण आणि मागचा पंप यांसह, तसेच बँकेतली माझी सगळी पुंजी, माझी एकुलती एक मुलगी सिडोनी हिला द्यावी. ती मुलींच्या शाळेत गाणे शिकवते आणि स्वतःच्या पायावर उभी आहे. तिने लग्न केले नाही म्हणून “बाईमाणसाला घर कशाला, आम्ही बघू ना” असे म्हणत कोणी नातेवाइकाने येऊ नये. माझा धाकटा भाऊ एमिल असे म्हणत दोनदा येऊन गेला आहे. दोन्ही वेळा मी कॉफी आणायला आत गेल्यावर त्याने बैठकीची लांबी पावलांनी मोजली. एमिल, दार उघडे होते आणि मी आंधळा झालेलो नाही.

कलम दुसरे: बाग

गावाबाहेरच्या बागांमधला माझा तुकडा, त्यातली लाकडी खोपटी आणि गूजबेरीची अकरा झुडपे हीही सिडोनीची. एमिलला त्या बागेतली खताची रास द्यावी. ती १८७९ साली त्यानेच माझ्या कुंपणाला टेकवून घातली होती, आणि “वास कुठे येतो?” असे वर मलाच विचारले होते. आता ती कायदेशीररीत्या त्याची झाली.

कलम तिसरे: हत्यारे

पत्र्यावर सुरांच्या खुणा उमटवायचे माझे पोलादी ठसे, एकशे चाळीस नग. पाच दात्यांची रेघा ओढायची खुरपी. घोटणी, कर्कटक, दोन हातोड्या आणि छोटी ऐरण. हे सर्व पत्रे ठोकणाऱ्यांच्या मंडळाला द्यावे. मंडळाने ते अशा माणसाला द्यावे की ज्याचा हात हलका आहे आणि जीभ जड आहे. ठशांना गंज चढू देऊ नये. लाल मुठीची हातोडी पाहुण्यांना दाखवण्यासाठी भिंतीवर टांगू नये, ती वापरावी.

आमचे फोरमन ट्राउगॉट मेनर्ट यांना यातले काहीही देऊ नये. कारण पुढे येईल.

कलम चौथे: पत्रा

‘फाटकापाशी’च्या दुसऱ्या पानाचा मूळ पत्रा माझ्या पलंगाखाली, घोंगडीत गुंडाळलेला आहे. तो मी चोरलेला नाही. १८६८ साली छापखान्याने जुन्या पत्र्यांवरून छपाईच्या दगडावर नक्कल उतरवून घेतली आणि पत्रे वितळवायला काढले. आमच्या धंद्यात पत्रा कोणाचाच राहत नाही. आज ज्यावर प्रार्थना असते, तोच उद्या वितळवून त्यावर नाचाची गाणी ठोकायची, असा रिवाज आहे. मी मालकांना म्हणालो, हा एवढा एक मला द्या. ते म्हणाले, “वजनाला वजन आणा, झाइलर, आणि घेऊन जा.”

घरी येऊन मी बायकोला, डोरोथेआला, सांगितले. तिच्या माहेरची कथलाची सहा ताटे फळीवर होती. ती फक्त रविवारी निघत.

“अहो, मग जेवायचं कशात?” ती म्हणाली.

“मातीच्या ताटात.”

“आणि माझी आई विचारील तेव्हा?”

“सांग, नवऱ्यानं खाल्ली.”

ती हसली नाही. दोन दिवस ताटे फळीवरच राहिली. तिसऱ्या दिवशी मात्र ताटे तिनेच पुसून पिशवीत भरली. ताटे भट्टीत गेली आणि पत्रा घरी आला. माझ्या मालकीबद्दल कोणाला शंका असेल, तर हा व्यवहार असा झाला आहे.

आता चुकीविषयी. होय, चूक झाली होती आणि ती माझीच होती. मी ती कधी नाकारली नाही.

पत्र्यावर सगळे उलटे ठोकावे लागते, उजवीकडून डावीकडे, म्हणजे कागदावर ते सरळ उमटते. वर्षानुवर्षे असे काम केले की हात उलटाच वळतो. दुकानदाराला चिठ्ठी लिहितानासुद्धा मी पहिले अक्षर भलत्या टोकाला काढायचो. १८५१ च्या मार्चमध्ये सिडोनी दोन वर्षांची होती आणि गोवराने फणफणली होती. माझे शरीर बाकावर आणि जीव घरी. संबंध पान मी उलटे, बिनचूक ठोकले आणि शेवटी येऊन हात सरळ चालला. दोन सूर एकमेकांच्या जागी बसले.

गाण्यात एक मुलगी बागेच्या फाटकापाशी उभी आहे. निघालेल्या माणसाला ती विचारते, “परतशील ना?” कविता तिथेच संपते. पुढे पियानोचे दोनच सूर. आल्फेल्डांनी लिहिले होते आधी खालच्या पायरीचा सूर आणि मग घरचा सूर, म्हणजे ज्यावर गाणे विसावते तो. म्हणजे पियानो म्हणतो, हो, येईन. माझ्या पत्र्यावर झाले उलटे. आधी घरचा, मग एक पायरी खाली, आणि संपले. घरात पाऊल टाकल्यासारखे करून माणूस उंबऱ्यावरच थांबला.

पहिले प्रूफ आल्फेल्डांकडे गेले. रद्दीतली एक प्रत मी घरी आणली होती. डोरोथेआने बटाटे सोलता सोलता ती म्हटली, पियानोचे दोन सूरही तिनेच गुणगुणले, आणि सुरी हातात धरून बसून राहिली. मी विचारले, “काय झालं?” म्हणाली, “काही नाही. शेवट चांगला केलाय हो त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी आल्फेल्ड प्रूफ घेऊन कामाच्या खोलीत आले. शेवटच्या दोन सुरांभोवती त्यांनी पेन्सिलीने गोल काढला होता आणि शेजारी लिहिले होते, ‘उलटे! आधी खालचा, मग घरचा.’ हेच प्रूफ आज ब्रेमकर साहेबांच्या कपाटात आहे आणि त्याच्याच जोरावर ते मला दोषी ठरवतात. मी माफी मागितली, मुलीचा ताप सांगितला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दुरुस्ती केली. दुरुस्ती अशी असते: पत्रा पालथा घालायचा, कर्कटकाच्या टोकाने मागून नेमकी जागा चरा मारून धरायची, ऐरणीवर ठेवून पाठीवर हातोडीने ठोकायचे. धातू वर येतो, चुकीचा ठसा बुजतो. मग पुढून घोटून सपाट करायचे आणि नवा ठसा मारायचा. पुढची बाजू आरशासारखी होते. पाठीवरचा खड्डा मात्र कोणाच्या बापाला लपवता येत नाही.

दुरुस्त केलेले दुसरे प्रूफ घरी नेले तेव्हा डोरोथेआ ते म्हणून पाहिल्याबरोबर म्हणाली, “हे काय, लगेच हो म्हणाला? पुरुष असे लगेच हो म्हणतात होय?” मी तिला सांगितले, मूळ असेच आहे, आधीची माझी चूक होती. ती म्हणाली, “मग आयुष्यात एकदा तरी बरोबर चुकलात.” तिने तो कागद चुलीत घातला.

आठ दिवसांनी, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला, आम्ही पाव खायला हातोड्या खाली ठेवल्या होत्या. माझ्या डाव्या बाकावर ट्राउगॉट मेनर्ट बसला होता. तेव्हा तो फोरमन नव्हता, माझ्यासारखाच कारागीर होता. आल्फेल्ड आत आले आणि सरळ माझ्यापाशी थांबले.

“झाइलर, ते परत करा.”

“काय परत करू, साहेब?”

“तुमची चूक. मला ती हवी आहे.”

मला वाटले, हे माझी थट्टा करताहेत, आता मालकांना हाक मारणार आणि मला घरी पाठवणार. मी उभा राहिलो. त्यांनी मला खांद्याला धरून खाली बसवले.

“आठ दिवस दोन्ही वाजवून बघतोय,” ते म्हणाले. “माझं खोटं वाटतंय हो. तो माणूस परत येत नाही. मला हे कविता वाचतानाच कळलं होतं, पण हात गोड लिहून गेला. तुमच्या जिवाला घोर होता, म्हणून तुमचा हात खरं बोलला.”

“पण साहेब, लोक काय म्हणतील?”

“लोकांना सांगायचंच नाही. मी आहे तोवर नाही. माझ्या गाण्यातली सगळ्यात बरी जागा पत्रे ठोकणाऱ्यानं केली, हे कळल्यावर उद्या मला कोण विचारील?” आणि ते हसले. मीही शब्द दिला.

मी त्याच जागी दुसऱ्यांदा ठोकले. धातू इतका पातळ झाला की तिसरा घाव बसता तर पत्रा फाटला असता.

तो शब्द मी चौतीस वर्षे पाळला. गाणे घरोघरी गेले. वर्तमानपत्रांनी शेवटाची तारीफ केली, कोणी त्यावर पानेच्या पाने लिहिली. मी ती वाचली, घडी घातली आणि गप्प राहिलो. मेनर्ट मात्र गप्प बसला नाही. आल्फेल्ड दुसऱ्यांदा आले ते झाइलरशी भांडायला, असे त्याने सगळ्या कारखान्याला सांगितले. तेव्हापासून माझे नाव पडले ‘उलटा झाइलर’. फोरमनची जागा निघाली तेव्हा मालक म्हणाले, मेनर्टचा हात सरळ आहे. मंडळाच्या वार्षिक जेवणात बिअरचा पेला उचलून “उलट्या झाइलरच्या नावानं!” असे ओरडायची पद्धतच पडली. डोरोथेआ एकदा त्या जेवणाला आली होती. घरी जाताना म्हणाली, “अहो, बोलत का नाही तुम्ही? तोंड शिवलंय का?” मी म्हणालो, शब्द दिलाय. ती म्हणाली, “मलाही दिला होता एक, मला सुखात ठेवायचा.” ती १८७८ साली गेली. माझ्या शब्दाची झळ तिला लागली, याचे मला आजही वाईट वाटते आणि ते मी इथे लिहून ठेवतो.

आल्फेल्ड चार वर्षांपूर्वी वारले. मी मोकळा झालो. ब्रेमकर साहेबांना मी दोन पत्रे लिहिली, पत्रा बघायला या म्हणालो. उत्तरादाखल एक कार्ड आले: “आपल्या वयाच्या कारागिरांच्या आठवणींचा मला आदर आहे, परंतु शास्त्र कागदावर चालते.” आणि मग त्यांचा लेख छापून आला. त्यात मी ‘दुर्लक्ष करणारा एक ठोक्या’ आहे. नावसुद्धा नाही.

ठीक आहे. ठोक्याचे म्हणणे ऐका. मी आल्फेल्डांच्या दुरुस्तीकडे दुर्लक्ष केले असते, तर पत्र्याची पाठ कोरी असती. पत्रा पालथा घाला. दोन चरे आहेत, आणि खड्ड्यात खड्डा आहे. एकदा चूक काढायला ठोकले, दुसऱ्यांदा परत आणायला. दुर्लक्ष करणारा माणूस एकदासुद्धा ठोकत नाही, प्रोफेसर साहेब. तुम्ही वीस वर्षे आल्फेल्डांचे कागद चाळलेत आणि एकदाही धातू पालथा घालून पाहिला नाहीत.

ब्रेमकर म्हणतील, दुसऱ्यांदा या म्हाताऱ्याने आपल्याच हट्टाने ठोकले असेल. त्याविरुद्ध माझ्याकडे पुरावा नाही. तो मेनर्टच्या पोटात आहे.

हा पत्रा मी सिडोनीला देतो. तो विकू नये, वितळवू नये, काचेच्या कपाटात पुढची बाजू दाखवत ठेवू नये. कोणी बघायला आला तर आधी पाठ दाखवावी.

कलम पाचवे: प्रोफेसर ब्रेमकर

त्यांचे कार्ड त्यांना परत द्यावे. त्याखेरीज मी त्यांना एक हक्क देतो: रविवार सोडून कोणत्याही दिवशी त्यांनी माझ्या घरी यावे, हातमोजे काढावेत आणि पत्र्याच्या पाठीवर बोट फिरवावे. सिडोनीने त्यांना कॉफी द्यावी. दाट द्यावी, आमच्याकडची नेहमीची पातळ नको. माझ्या मागे कंजूष म्हणून नाव नको.

कलम सहावे: दफन

माझ्या दफनाला सिडोनीने ‘फाटकापाशी’ म्हणावे. हे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “बाबा, कबरीपाशी असा अधांतरी शेवट? पाद्रीबाबा काय म्हणतील?” मी म्हणालो, “पाद्रीबाबा तासभर हो हो म्हणणारच आहेत. तीन मिनिटं आमची.” ती रडली आणि हसली, आणि कबूल झाली.

साथीला जो कोणी बसेल त्याने शेवटचा सूर वाजवून हात उचलावेत. लोकांना चुकल्यासारखे होईल म्हणून घरचा सूर स्वतःहून जोडायची काही वादकांना खोड असते. असे कोणी केले तर दफनानंतरच्या जेवणात त्याला केक देऊ नये.

कलम सातवे: साक्षीदाराविषयी

मी मेनर्टला साक्षीला बोलावले आहे. सिडोनी म्हणाली, “सगळ्या लाइपझिगमध्ये दुसरं कोणी मिळालं नाही?” मिळाले असते, पण पत्र्याची पाठ वाचता येणारा आणि त्या मंगळवारी खोलीत असलेला दुसरा कोणी आता जिवंत नाही. वकिलांनी मला सांगितले आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. म्हणून ट्राउगॉट, तुला हत्यारातले काही नाही. लाल मुठीच्या हातोडीवर तुझा तीस वर्षे डोळा आहे, हे मला माहीत आहे. पण मला तुझे आभार नको आहेत, तुझी सही हवी आहे. तू सहीखाली काय लिहावेस हे मी सांगणार नाही. फक्त पत्रा तुझ्या मांडीवर ठेवीन.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही.

गॉटहेल्फ झाइलर
रॉयडनिट्झ, लाइपझिग, दिनांक ९ ऑक्टोबर १८८९

साक्षीदार पहिला: झाइलर यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत आहेत, किंबहुना जरा जास्तच.
डॉ. क्लेमेन्स पुशमान

साक्षीदार दुसरा: मी, ट्राउगॉट मेनर्ट, फोरमन, वय अडुसष्ट. सही माझ्यासमोर झाली. एवढेच लिहून उठायचे असे ठरवून आलो होतो. गॉटहेल्फने पत्रा मांडीवर ठेवला आणि म्हणाला, “बघू नकोस, अंगठा फिरव.” फिरवला. दोनदा ठोकलेले आहे, एकाच जागी, आणि दोन्ही वेळा नीट. आल्फेल्ड साहेब दुसऱ्यांदा आले ते भांडायला नव्हते. “ते परत करा” हे मी माझ्या कानांनी ऐकले. जाताना त्यांनी गॉटहेल्फपुढे हॅट काढली. आमच्या खोलीत कोणी संगीतकाराने कोणापुढे हॅट काढलेली मी आधी किंवा नंतर पाहिली नाही. माझ्यापुढे तर नाहीच. ते मला सहन झाले नाही, म्हणून मी दुसरेच सांगत फिरलो. डोरोथेआबाईंची माफी मागायला हवी होती, ती राहिली.

ब्रेमकर साहेबांच्या नव्या आवृत्तीतले ते पान सध्या माझ्याच बाकावर आहे. शेवटच्या दोन सुरांची जागा अजून मोकळी आहे. उद्या सकाळी मी तिथे आधी घरचा सूर ठोकणार आणि मग खालचा. साहेबांना ते उलटे वाटले तर त्यांनी कारखान्यात यावे, पत्रा पालथा घालावा आणि स्वतःच्या हाताने ठोकावे. मी ठोकणार नाही आणि माझ्या हाताखालच्या कोणालाही ठोकू देणार नाही.

ट्राउगॉट मेनर्ट